थीम पार्कचे जुने नकाशे: काळ ओळखायचा कसा, नक्कल पकडायची कशी, किंमत लावायची कशी

सप्टेंबर १९५३ मध्ये वॉल्ट डिस्नेने हर्ब रायमन या चित्रकाराला ऐन सुटीच्या शनिवारी स्टुडिओत बोलावून घेतलं आणि दोन दिवस बसवून त्याच्याकडून एका उद्यानाचा नकाशा काढून घेतला. हे उद्यान म्हणजे पुढचं डिस्नीलँड, तेव्हा ते फक्त डोक्यात होतं. भाऊ रॉय डिस्ने तो कागद घेऊन न्यूयॉर्कला पैसा उभा करायला जाणार होता. २०१७ मध्ये तोच नकाशा कॅलिफोर्नियातल्या व्हॅन ईटन गॅलरीजच्या लिलावात ७ लाख ८ हजार डॉलरला गेला.

अशी बातमी आली की घरोघरी खण उपसले जातात. ‘आम्ही २००३ साली फ्लोरिडाला गेलो होतो, तिथला नकाशा आहे, किती येतील?’ बहुतेक वेळा उत्तर असतं: येतील एक-दोन डॉलर, तेही कुणी घेतलाच तर. पण लाखो डॉलरचं मूळ चित्र आणि रद्दीतला नकाशा यांच्या मधे भरपूर काही आहे. काही शे डॉलरचे छापील नकाशे, तिकिटांची पुस्तकं, पोस्टर्स, बंद पडलेल्या पार्कांची पत्रकं. या मधल्या मालात डोळे उघडे ठेवून उतरलं तर मजाही येते आणि फसवणूकही टळते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. विक्रेत्याच्या कहाणीला किंमत शून्य. ‘आजोबा तिथे कामाला होते’ हे ऐकायला छान वाटतं, पण जे काय सिद्ध व्हायचं ते कागदावरूनच व्हायला हवं.

उदाहरणं मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नीलँडची देतो आहे, कारण बाजार सगळ्यात मोठा तिथला आणि त्याच्या तारखाही पक्क्या माहीत आहेत. पद्धत मात्र कुठल्याही पार्कला लागू पडते.

पहिली पायरी: काय जमवायचं ते ठरवा

‘डिस्नेचं सगळं’ जमवायला निघालेल्याकडे शेवटी प्लास्टिकच्या बाहुल्या जमतात. एक पार्क, एक दशक किंवा एखादंच आकर्षण, असं काहीतरी कुंपण घालून घ्या.

नकाशांत दोन जाती आहेत. एक म्हणजे दारावर फुकट मिळणारी घडीची माहितीपत्रकं. ती लाखोंनी छापली जात, खिशात कोंबली जात आणि संध्याकाळी कचऱ्यात जात. दुसरी जात विकत मिळणाऱ्या मोठ्या सचित्र नकाशांची, ज्यांना संग्राहक ‘फन मॅप’ म्हणतात. डिस्नीलँडचा असा पहिला नकाशा १९५८ मध्ये आला. काढणारा सॅम मॅकिम, लहानपणी सिनेमात कामं केलेला आणि पुढे डिस्नेकडे चित्रकार झालेला माणूस. सुमारे अडीच फूट उंच आणि साडेतीन फुटांहून रुंद कागदावर त्याने अख्खं उद्यान मांडलं आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यात सुधारणा होत गेल्या. १९९२ मध्ये पॅरिसजवळचं उद्यान उघडलं, त्याचा नकाशाही त्याच्याच हातचा. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा १९७१ चा नकाशा पॉल हार्टलीचा. ही दोन नावं लक्षात ठेवली तरी विक्रेत्यांच्या निम्म्या वर्णनांतल्या चुका तुम्हाला दिसू लागतील.

तिकिटांचं गणित मला सगळ्यात गमतीचं वाटतं. १९५५ च्या ऑक्टोबरात डिस्नीलँडने ए, बी आणि सी अशा तीन प्रकारच्या कुपनांची पुस्तकं सुरू केली. १९५६ मध्ये डी आलं, आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्न ही डोंगरावरची घसरगाडी, पाणबुडी आणि मोनोरेल उघडली तेव्हा ई. ए म्हणजे मेन स्ट्रीट या प्रवेशरस्त्यावरची घोडागाडी वगैरे किरकोळ गंमत, ई म्हणजे सगळ्यात भारी राइड. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली. आता विचार करा, माणसं कुठली कुपनं वापरत असतील? ई दुपारपर्यंत संपायची, ए आणि बी तशीच घरी यायची. त्यामुळे अमेरिकेतल्या जुन्या घरांत सुटी ए-बी कुपनं आजही निघतात आणि चिल्लर भावात जातात. एकही कुपन न फाडलेलं ई-सकट पुस्तक मात्र वेगळीच गोष्ट. दुर्मीळ काय हे छपाईच्या संख्येवरून ठरत नाही, लोकांनी काय वापरलं आणि काय फेकलं यावरून ठरतं.

पोस्टर्स महाग आणि सांभाळायला अवघड. मूळ पोस्टर्स सिल्कस्क्रीनची, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापलेली, जवळजवळ साडेचार फूट उंच. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका. बिल्ल्यांसारख्या पिनांचं वेड १९९९ नंतर वाढलं आणि त्यात बनावट माल इतका आहे की पिनांवर वेगळं लिहावं लागेल, म्हणून इथे सोडून देतो.

दुसरी पायरी: काळ ओळखा

सगळं कौशल्य इथे आहे आणि यासाठी पैसे लागत नाहीत. एक वही घ्या आणि त्या पार्कमध्ये कुठली आकर्षणं कधी आली, कधी गेली याची यादी करा. डिस्नीलँडसाठी कामाला येणाऱ्या काही तारखा अशा:

- व्ह्यूलायनर ही छोटी रेल्वे: जून १९५७ ते सप्टेंबर १९५८. ती दिसली की काळ एकदम अरुंद होतो.
- हाउस ऑफ द फ्यूचर: १९५७ ते १९६७.
- मॅटरहॉर्न, पाणबुडी, मोनोरेल: १९५९. मोनोरेलचा मार्ग उद्यानाबाहेर हॉटेलपर्यंत गेलेला असेल तर १९६१ किंवा नंतर.
- फ्लाइंग सॉसर्स: १९६१ ते १९६६.
- स्विस फॅमिली ट्रीहाउस: १९६२ अखेर. टिकी रूम: १९६३. अब्राहम लिंकनच्या बोलक्या पुतळ्याचा कार्यक्रम: १९६५.
- स्मॉल वर्ल्ड आणि न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर: १९६६. पायरेट्स: १९६७. हाँटेड मॅन्शन: १९६९.
- बेअर कंट्री: १९७२. स्पेस माउंटन: १९७७. बिग थंडर: १९७९.
- स्टार टूर्स: १९८७. स्प्लॅश माउंटन: १९८९. टूनटाउन: १९९३.
- स्कायवेचे पाळणे: १९५६ ते १९९४.

समजा, टेबलावर एक नकाशा आहे आणि विक्रेता म्हणतो १९५९ चा. मॅटरहॉर्न आहे, मोनोरेल आहे, म्हणजे १९५९ च्या आधीचा नाही, एवढं बरोबर. पण मोनोरेल हॉटेलपर्यंत जाते. उद्यानाच्या टुमॉरोलँड या भागात फ्लाइंग सॉसर्स आहेत. ॲडव्हेंचरलँडमध्ये झाडावरचं घर आहे आणि टिकी रूमचं छप्परही. म्हणजे १९६३ च्या आसपास आलो. आता काय नाही ते बघा. मेन स्ट्रीटच्या तोंडाशी लिंकनचा पत्ता नाही, उत्तरेला स्मॉल वर्ल्डचा पांढरा दर्शनी भाग नाही. म्हणजे १९६५ च्या आधीचा. काळ १९६३-६४ मध्ये सापडला आणि विक्रेत्याची चार-पाच वर्षं गळाली.

इथे नवखे लोक एका गोष्टीत हमखास अडकतात. सचित्र नकाशे भविष्याची जाहिरातही करत. मॅकिमच्या नकाशांत अजून न उघडलेल्या गोष्टीही रंगवलेल्या असत. हाँटेड मॅन्शनची इमारत बाहेरून १९६३ मध्ये उभी राहिली, पण आत जायला लोकांना १९६९ उजाडलं. त्यामुळे एखादी गोष्ट नकाशावर आहे, हा पुरावा कच्चा. बंद झालेली गोष्ट अजून नकाशावर आहे, किंवा उघडलेली मोठी गोष्ट नाही, हा पुरावा पक्का. उघडलेलं आकर्षण लपवण्यात कुणाचाच फायदा नसतो.

चित्र वाचून झालं की बारीक अक्षरांकडे वळा. कॉपीराइटच्या खुणेपुढे वर्ष असतं, पुष्कळदा रोमन आकड्यांत. ‘एम सी एम एल एक्स’ म्हणजे १९६०, पुढे तीन उभ्या रेघा असतील तर १९६३. पण हे वर्ष चित्राचं असू शकतं, छपाईचं असेलच असं नाही. तेच चित्र दोन वर्षांनी पुन्हा छापलं तर जुनंच वर्ष राहू शकतं. कंपनीचं नावही बघा. ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ असेल तर साधारण १९८६ च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव ‘द वॉल्ट डिस्ने कंपनी’ झालं.

पत्ता असेल तर तो सोन्याचा. अमेरिकेत पाच आकडी पिनकोड, म्हणजे झिप कोड, १ जुलै १९६३ पासून सुरू झाला. ‘१९५८ चा अस्सल’ म्हणून दाखवलेल्या कागदावर पाच आकडी झिप असेल तर चर्चा तिथेच संपली.

प्रायोजकांची नावंही काळ सांगतात. जीएएफ या फिल्म आणि कॅमेऱ्यांच्या कंपनीचं नाव गाइडवर असेल तर तो १९७० च्या दशकातला समजा. पार्कांची नावं बदलली तीही उपयोगी पडतात. पॅरिसजवळच्या उद्यानाचं ‘युरो डिस्नीलँड’ हे नाव १९९२ ते १९९४ एवढंच चाललं, फ्लोरिडातलं ‘डिस्ने-एमजीएम स्टुडिओज’ १९८९ ते २००८. अशा अल्पायुषी नावांचे नकाशे अजून स्वस्तात मिळतात. ज्याला थोड्या पैशांत सुरुवात करायची आहे त्याला मी युरो डिस्नीलँडची पहिल्या दोन वर्षांची पत्रकं शोधायला सांगेन.

तिसरी पायरी: अस्सल की नक्कल

डिस्नीलँडच्या कागदांची नक्कल उद्यानाइतकीच जुनी आहे. १७ जुलै १९५५ चं उद्घाटन फक्त निमंत्रितांसाठी होतं, पण बनावट पासांवर हजारो लोक आत शिरले. गंमत म्हणजे त्या दिवशीचा बनावट पास आज खात्रीने सिद्ध करता आला तर त्यालाही गिऱ्हाईक मिळेल.

सोनार वापरतात तसं दहापट भिंग घ्या, सराफी सामानाच्या दुकानात सहज मिळतं. त्या काळचे नकाशे ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यात प्लेटांवरून छापलेले. भिंगाखाली रंगीत भाग म्हणजे चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित, फुलासारखी रांगोळी दिसते. घरच्या इंकजेटवर काढलेल्या प्रतीत ठिपके शिंतोड्यांसारखे अस्ताव्यस्त पडलेले असतात. लेझर प्रिंटची काळी शाई कागदावर किंचित चमकते.

खरी अडचण येते ती ऑफसेटवरच छापलेल्या नकलेची. तिथे काळ्या अक्षरांकडे बघा. मूळ छपाईत काळं अक्षर स्वतंत्र प्लेटवरून, सलग आणि धारदार उतरलेलं असतं. जुन्या प्रतीचं स्कॅन करून पुन्हा छापलं की अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनतात आणि कडा दातेरी होतात. अगदी बारीक अक्षरांवर भिंग धरा, ‘फ्रंटियरलँड’खालच्या छोट्या नावांवर किंवा कॉपीराइटच्या ओळीवर. निम्म्या नकला तिथेच पकडल्या जातात. दुसरी खूण घड्यांची. खऱ्या जुन्या घडीवर शाई झिजलेली असते आणि कागदाचे तंतू उघडे पडलेले असतात. स्कॅनमध्ये आलेली घडी ही नुसती छापलेली पांढरी रेघ असते, बोट फिरवलं तर कागद सपाट लागतो. हे वाचायला हास्यास्पद वाटेल, पण छापलेल्या घड्यांचे नकाशे विकले जातात आणि घेतलेही जातात.

जांभळ्या दिव्याच्या चाचणीबद्दल बरंच सांगितलं जातं. अतिनील प्रकाशात कागद निळसर चमकला की त्यात चकाकीची रसायनं आहेत, म्हणजे कागद नवा, असा तर्क. ही रसायनं कागदात सर्रास आली ती १९५० च्या आसपास. त्यामुळे न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या लूना पार्कचं १९१० चं म्हणून कुणी पत्रक दाखवलं आणि ते चमकलं, तर हात झटकून मोकळे व्हा. पण १९५५ नंतरच्या डिस्नीलँडच्या कागदाला ही चाचणी फारशी लागू पडत नाही. १९६२ चा अस्सल कागदही चमकू शकतो. डाग, गोंद आणि दुरुस्त्या शोधायला मात्र हा दिवा चांगला.

अधिकृत पुनर्मुद्रणं ही वेगळी बाब. स्मरणिका म्हणून कंपनीनेच काढलेली प्रत बनावट नसते, पण जुनीही नसते. तिची किंमत तिच्या स्वतःच्या वर्षाची.

चौथी पायरी: अवस्था नोंदवा

नकाशा मऊ, स्वच्छ चादरीवर पसरा. हात धुऊन कोरडे करा. हातमोज्यांची गरज नाही, कागदाच्या बाबतीत ते उलट नडतात, कारण कडा अडकून फाटते. बाजूने तिरपा उजेड टाका. सुरकुत्या, दाबाच्या खुणा आणि वरून लपवलेल्या दुरुस्त्या सगळं उठून दिसतं. मग कागद खिडकीसमोर धरून आरपार बघा. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारीक भोकं असतात. मोठ्या नकाशाला पहिलं दुखणं इथेच होतं.

नोंद करताना या क्रमाने जा: चारही कडा कापलेल्या आहेत का, टाचणीची भोकं आहेत का, घड्या फाटल्यात का, चिकटपट्टी लावली आहे का, तांबूस ठिपके आहेत का, कुणी पेनने काही लिहिलंय का, आणि रंग उडालेत का. चिकटपट्टी सगळ्यात वाईट. तिचा डिंक कागदात मुरून पिवळा-तपकिरी होतो आणि तो काढणं घरच्या माणसाचं काम नाही. कडा कापून चौकटीत बसवलेला नकाशा दुरून नवाकोरा दिसतो, म्हणून मापं घ्या. तीच आवृत्ती आधी विकली गेली असेल तर तिच्या वर्णनात मूळ माप मिळतं.

रंग उडाल्याचं बघायला लाल आणि पिवळ्याकडे लक्ष द्या. वर्षानुवर्षं उजेडात टांगलेल्या नकाशात हे दोन आधी जातात आणि निळा-हिरवा उरतो. अख्खा नकाशा निळसर दिसत असेल तर तो भिंतीवर राहिलेला आहे, मग विक्रेता काहीही म्हणो.

पेनने लिहिलेलं दर वेळी वाईट नसतं. तारीख आणि तिकिटाचा हिशोब लिहिलेला नकाशा मला कोऱ्यापेक्षा जास्त आवडतो. बाजार मात्र माझ्या आवडीवर चालत नाही. कोऱ्यालाच जास्त पैसे येतात.

पाचवी पायरी: किंमत लावा

ऑनलाइन मागितली जाणारी किंमत ही किंमत नव्हे. तीन-तीन वर्षं पडून असलेले ‘दुर्मीळ’ नकाशे हजार डॉलरचा भाव मिरवत असतात. ईबेवर ‘सोल्ड’ ही चाळणी लावा आणि विकल्या गेलेल्या वस्तूच बघा. व्हॅन ईटन किंवा डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्ससारख्या लिलावगृहांचे जुने निकालही बघता येतात.

समजा, तुमच्या आवृत्तीच्या चार विक्री सापडल्या: १८०, २१०, २४० आणि ६५० डॉलर. सरासरी काढली तर ३२० येते आणि ती फसवी आहे. ६५० वाली प्रत का महाग गेली ते शोधा. ती कधीच घडी न घातलेली, गुंडाळलेलीच राहिलेली असेल, किंवा मूळ पाकिटासकट असेल. तुमची घडीची असेल तर तो आकडा यादीतून काढा. उरले १८० ते २४०. घडीच्या छेदांवर भोकं असतील तर खालच्या टोकाकडे या, आणखी पट्टी लावलेली असेल तर त्याच्याही खाली.

लिलावाचे आकडे वाचताना जपून. जाहीर होणाऱ्या रकमेत बहुधा खरेदीदाराचं कमिशन धरलेलं असतं. समजा हातोडा ४०० वर पडला आणि वर २५ टक्के कमिशन, तर बातमीत ५०० येतात. विकणाऱ्याकडूनही २० टक्के कापले तर त्याच्या हातात ३२० पडतात. म्हणजे ‘५०० ला गेला’ ऐकून तुम्ही स्वतःचा विकायला काढलात तर ५०० ची आशा धरू नका.

मोठ्या संग्रहाच्या गाजलेल्या लिलावात भाव फुगतात. २०१८ मध्ये रिचर्ड क्राफ्ट यांचा डिस्नीलँड संग्रह व्हॅन ईटनमध्ये विकला गेला तेव्हा एकूण ८० लाख डॉलरहून जास्त आले. त्या खोलीतल्या उत्साहाचा भाव तुमच्या नकाशाला एखाद्या मंगळवारी ऑनलाइन मिळणार नाही. उद्यानाच्या मोठ्या वर्धापनाच्या वर्षांनाही हेच लागू.

दुर्मीळ आणि महाग यांचं नातं सरळ नाही, हे दोन उदाहरणांत दिसतं. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाला ५ कोटी १० लाखांवर लोक गेले. स्मॉल वर्ल्ड पहिल्यांदा तिथेच दाखवलं गेलं. लोकांनी आठवण म्हणून सगळं जपून ठेवलं, त्यामुळे तिथली गाइड पुस्तकं आजही मुबलक आणि स्वस्त आहेत. त्याच शहरात ब्राँक्समध्ये फ्रीडमलँड नावाचं पार्क १९६० ते १९६४ एवढंच चाललं. आता तिथे को-ऑप सिटीच्या उंच इमारती आहेत. त्याचे कागद कमी उरले, पण ते मागणारेही कमी. भाव वर न्यायला किमान दोन हट्टी गिऱ्हाइकं लागतात.

सहावी पायरी: भारतात बसून खरेदी

विक्रेत्याकडे चार फोटो मागा: मागची बाजू, घड्यांचा छेद, कॉपीराइटची ओळ आणि शेजारी मोजपट्टी ठेवलेला पूर्ण नकाशा. देत नसेल तर पुढचा विक्रेता बघा. सुटा नकाशा घेण्यापेक्षा कुणाच्या घरच्या सहलीचा अख्खा गठ्ठा घ्यावा: नकाशा, तिकिटं, पार्किंगची चिठ्ठी, हॉटेलचं बिल. एकाच कुटुंबाचे, एकाच तारखेचे कागद एकमेकांची साक्ष देतात, आणि गठ्ठ्यात एखादी चांगली वस्तू फुकट पडते.

कस्टम्सचं शुल्क वस्तूच्या किमतीवर तर लागतंच, पण ती किंमत धरताना पाठवणावळ आणि विमाही त्यात मिळवतात. म्हणून वीस डॉलरच्या पत्रकाला चाळीस डॉलरचं कुरियर हा दुहेरी आतबट्ट्याचा व्यवहार. किंमत कमी दाखवा असं विक्रेत्याला सांगू नका. पार्सल हरवलं तर तेवढेच पैसे परत मिळतील.

बहुतेक मराठी घरांतला मार्ग वेगळाच असतो. न्यू जर्सीची मावशी किंवा सॅन होजेचा मामेभाऊ. माल त्यांच्या पत्त्यावर उतरवून घ्यायचा आणि दिवाळीत कुणी येईल त्याच्याबरोबर आणायचा. एवढंच बघा की मॅकिमच्या नकाशाची गुंडाळी अडीच फुटांची असते. विमानाच्या केबिन बॅगेची लांबी साधारण ५५ सेंटिमीटर, म्हणजे ती त्यात बसत नाही आणि दारावर वाद होतो. मोठ्या सुटकेसमध्ये तिरपी बसते का ते आधी मोजायला सांगा. घडीचा नकाशा दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणावा. मुळात घडीचा असलेला कधी गुंडाळू नये आणि मुळात गुंडाळलेल्याला कधी घडी घालू नये. मावशीला हे फोनवर दोनदा सांगा, कारण ‘जागा कमी होती म्हणून दुमडला गं’ हे वाक्य पुष्कळ संग्राहकांनी ऐकलेलं आहे.

सातवी पायरी: पावसाळ्यातून वाचवा

कॅलिफोर्नियात साठ वर्षं ठणठणीत राहिलेला कागद ठाण्यात दोन पावसाळ्यांत बुरसटतो. कागदाला ३५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती ८० च्या वर असते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र कपाटात ठेवा म्हणजे अंदाजावर राहावं लागणार नाही.

कपाट लोखंडी, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं. सर्वांत खालचा कप्पा नको. लाकडातून आम्ल सुटतं, म्हणून लाकडी पेटीत थेट ठेवू नका. पॉलिस्टरचं पारदर्शक पाकीट सगळ्यात चांगलं, पॉलिप्रॉपिलीन चालतं. नव्या रेक्झिनसारखा वास येणारं मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, ते टाळा, शाई त्याला चिकटते. मागे आम्लरहित पुठ्ठा. लॅमिनेशन तर अजिबात नको, लॅमिनेट केलेल्या नकाशाची किंमत त्या दिवशीच संपते.

डांबराच्या गोळ्या कागदाच्या कपाटात नकोत. कडुनिंबाचा पाला आपल्याकडे पुस्तकांत ठेवायची जुनी रीत आहे, पण पानाचा डाग कागदावर कायमचा बसतो. त्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरायच्या, आणि दर महिन्याला कपाट उघडून एक नजर टाकायची. कसर लागल्याचा संशय आला तर कागद हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर आत पाणी सुटतं.

भिंतीवर लावायचाच हट्ट असेल तर मूळ नकाशाचं चांगलं स्कॅन करून ते लावा. मूळ नकाशा कपाटातच राहू द्या.

आपल्याकडचे कागद

दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये उघडलं आणि २००८ मध्ये बंद झालं. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं, २०२२ मध्ये त्याचेही दरवाजे मिटले. ऐंशी-नव्वदीच्या दशकात मुंबईत वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांची शाळेची सहल तिथे गेली. त्या सहलीचं माहितीपत्रक, तिकिटाचा तुकडा, गोराई किंवा मार्वेच्या बोटीचं तिकीट, वर्तमानपत्रातली सवलतीची कुपनं, यातलं काय उरलंय? फार थोडं. आपल्याकडे असे कागद थेट रद्दीत जातात.

याला आज ठरलेला बाजारभाव नाही, विक्रीच्या नोंदीही नाहीत, म्हणून गुंतवणूक म्हणून यात उतरायला मी कुणाला सांगणार नाही. पण जमवायचं असेल तर वेळ हीच. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या पोस्टकार्डांच्या आणि सिनेमाच्या कागदांच्या ढिगात हात घाला. दुकानदाराला ‘एस्सेल वर्ल्डचं काही आहे का’ असं थेट विचारू नका, भाव लगेच चढतो. ‘जुनी तिकिटं, पॅम्फ्लेटं दाखवा’ एवढं पुरे. त्याआधी घरचे फोटो-अल्बम उघडा. बोटीची तिकिटं फोटोच्या मागे चिकटवायची सवय आपल्या आयांना होती. ती ओढून काढू नका, अल्बमचं अख्खं पान तसंच ठेवा.

आणि जे हाती लागेल त्याची नोंद त्याच दिवशी करा: कुठून मिळालं, कितीला, कुणाच्या सहलीचं, सोबत कोण होतं, बोट कुठून धरली होती. हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून त्याच पाकिटात सरकवा. मूळ कागदावर पेन टेकवू नका.